श्वेत बटूंच्या वर्णरेषा आणि संगणकाची साक्ष

तृतीय वर्ष कला (इतिहास)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात ताऱ्यांच्या वर्णपटाचे काय काम, असे पुष्कळांना वाटेल. प्रस्तुत लेखक तर इतिहासाचा विद्यार्थी. पण गेल्या उन्हाळी सुटीत हौसेखातर मी एका श्वेत बटू ताऱ्याचा वर्णपट संगणकावर घेऊन बसलो आणि साधनचिकित्सेच्या तासाला जो धडा ऐकला होता, तोच तेथे नव्याने शिकलो. बखरीतील हकीकत कितीही सुसंगत वाटली तरी तेवढ्यावर विसंबू नये. त्याच घटनेविषयीचे दुसरे, स्वतंत्र कागद पाहावेत, असे आमचे गुरुजन सांगतात. संगणकाने काढून दिलेल्या उत्तरालाही हाच नियम लागू पडतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख. गणिताची सूत्रे टाळली आहेत. ज्यांना ती अवगत आहेत त्यांनी लेखकाला सांभाळून घ्यावे.

१. व्याधाचा साथी

मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे जोडून ती रेषा आग्नेयेकडे वाढवली की व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. १८४४ मध्ये जर्मन ज्योतिषी बेसेल याने दाखवून दिले, की व्याध आकाशात सरळ रेषेत सरकत नाही, नागमोडी सरकतो. त्यावरून व्याधाला न दिसणारा एक साथी असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. १८६२ च्या जानेवारीत अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क हा नव्या दुर्बिणीच्या भिंगाची परीक्षा घेत असताना तो साथी प्रत्यक्ष दिसला. व्याधाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याइतकाच त्याचा प्रकाश. दोघे एकमेकांभोवती सुमारे ५० वर्षांत एक फेरी घालतात, आणि त्या फेरीवरून साथीचे वस्तुमान जवळजवळ सूर्याइतके निघते.

वस्तुमान सूर्याइतके आणि प्रकाश इतका अल्प, म्हणजे तारा थंड असावा, असे कोणीही म्हणेल. परंतु १९१५ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून वॉल्टर अ‍ॅडम्स याने त्याचा वर्णपट मिळवला, तेव्हा तो तारा थंड नसून पांढराशुभ्र तप्त असल्याचे दिसले. तप्त पृष्ठभागाचा प्रत्येक चौरस मीटर भरपूर प्रकाश देतो. तरीही एकूण प्रकाश थोडा, तर पृष्ठभागच लहान असला पाहिजे. आज आपल्याला ठाऊक आहे, की या ताऱ्याची त्रिज्या सुमारे ५,६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी आहे. वस्तुमान मात्र सूर्याहून किंचित अधिक! त्याचे सरासरी एक घन सेंटिमीटर द्रव्य अडीच टनांहून जास्त भरेल. पृष्ठभागावरचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे चार लाख पट आहे. अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात.

असा तारा स्वतःच्या वजनाने आत कोसळत का नाही, याचे उत्तर फाउलर याने १९२६ मध्ये नव्या पुंजयांत्रिकीच्या आधारे दिले. दाटीवाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन आणखी दाबले जाण्यास विरोध करतात, तो विरोध ताऱ्याला तोलून धरतो. या विरोधालाही मर्यादा आहे, हे १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या त्या प्रवासातच ध्यानात आले. सूर्याच्या सुमारे १.४ पट ही ती मर्यादा. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. श्वेत बटूचे वस्तुमान जाणून घेण्याची शास्त्रज्ञांना इतकी उत्सुकता का, हे यावरून कळेल.

२. रेषा रुंद का होतात?

ताऱ्याचा प्रकाश लोलकासारख्या साधनातून पसरवला की रंगांच्या पट्ट्यात मधूनमधून काळसर रेषा दिसतात. ताऱ्याच्या वातावरणातील अणूंनी ठराविक तरंगलांबीचा प्रकाश गिळल्याच्या त्या खुणा. हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉन जणू जिन्याच्या पायऱ्यांवर असतो. दुसऱ्या पायरीवरून तो तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पायरीवर चढला की एकेक रेषा उमटते. दृश्य प्रकाशातील या मालिकेचे सूत्र बामर याने १८८५ मध्ये मांडले. पहिल्या चार रेषा अनुक्रमे ६५६३, ४८६१, ४३४० आणि ४१०२ अँगस्ट्रॉमवर पडतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

बहुतेक श्वेत बटूंच्या वातावरणात जवळजवळ निव्वळ हायड्रोजन असतो. प्रचंड गुरुत्वामुळे जड मूलद्रव्ये तळाशी बसतात आणि हलके ते वर राहते. या ताऱ्यांना 'डीए' हे वर्गनाम आहे. त्यांच्या वर्णपटात बामरच्याच रेषा दिसतात, पण त्या केसासारख्या बारीक नसून दोन्ही बाजूंना शंभराहून अधिक अँगस्ट्रॉम पसरलेल्या, रुंद दऱ्यांसारख्या असतात. असे का?

विद्युत्क्षेत्रात अणू ठेवला की त्याच्या रेषा फुटतात, हे योहानेस स्टार्क याने १९१३ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. श्वेत बटूचे दृश्य वातावरण अवघे काहीशे मीटर जाडीचे असते. एवढ्याशा जागेत गुरुत्वाने दाबलेल्या वायूत प्रत्येक अणूच्या अगदी शेजारून विद्युत्भारित कण जात असतात. त्यांच्या क्षेत्रांमुळे अणूच्या पायऱ्या क्षणोक्षणी वरखाली होतात. कोट्यवधी अणूंची ही बेरीज म्हणजे रुंद रेषा. वरच्या पायऱ्यांवरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर असल्याने त्याला शेजाऱ्यांचा उपद्रव जास्त, म्हणून मालिकेतल्या पुढच्या रेषा आधी एकमेकींत मिसळतात आणि मग दिसेनाशा होतात. गुरुत्व जितके अधिक, तितकी ही मालिका लवकर संपते. म्हणजे रेषांच्या आकारात ताऱ्याच्या गुरुत्वाची नोंद आहे.

तापमानाचीही आहे. बामरची रेषा उमटायला इलेक्ट्रॉन आधी दुसऱ्या पायरीवर हवा. तारा थंड असेल तर दुसऱ्या पायरीवर फारच थोडे इलेक्ट्रॉन असतात. फार तप्त असेल तर अणूच मोडतात आणि इलेक्ट्रॉन मोकळे होतात. कोणत्या तापमानाला किती अणू मोडतील याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले. आजही ताऱ्याच्या वर्णपटाचा हिशेब त्यावाचून सुरू होत नाही. या दोन टोकांच्या मध्ये, सुमारे बारा ते चौदा हजार अंश केल्व्हिनच्या दरम्यान, श्वेत बटूच्या रेषा सर्वांत ठळक असतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिनेच मला फसवले.

३. संगणक नेमके काय करतो?

संगणक ताऱ्याकडे पाहून त्याचे तापमान 'ओळखतो', असा समज असेल तर तो चुकीचा आहे. काम उलट बाजूने चालते. आधी कागदावरचा एक तारा रचायचा: समजा तापमान अमुक, गुरुत्व तमुक, वातावरणात निव्वळ हायड्रोजन. मग वातावरणाचे शेकडो थर कल्पून प्रत्येक थरावर वरच्या थरांचा भार किती, त्यातून प्रकाश किती जातो, किती अणू मोडले आहेत, याचा हिशेब करायचा. एका थराचे उत्तर बदलले की शेजारच्या थराचे बदलते, म्हणून सर्व थर एकमेकांशी जुळेपर्यंत हिशेब पुनःपुन्हा करावा लागतो. इव्हान हुबेनी यांची १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ट्लस्टी' ही आज्ञावली हेच करते. तिच्या जोडीची 'सिनस्पेक' ही आज्ञावली त्या वातावरणातून निघणारा वर्णपट रेषांसह काढून देते. रेषा किती पसरेल याची कोष्टके वेगळी लागतात. व्हिडाल, कूपर व स्मिथ यांची १९७३ ची कोष्टके या कामी दीर्घकाळ वापरात होती.

असे शेकडो कागदी तारे वेगवेगळ्या तापमानांचे व गुरुत्वांचे करून ठेवायचे. खऱ्या ताऱ्याचा वर्णपट घेऊन त्याच्या रेषा या प्रत्येकाशी ताडून पाहायच्या. दुर्बिणीच्या उपकरणामुळे रेषा थोड्या पसरतात, म्हणून कागदी रेषाही तेवढ्याच पसरवून घ्यायच्या. मग बिंदू-बिंदूवरचा फरक मोजायचा, त्याला मापनातील अनिश्चिततेने भागायचे, वर्ग करायचे आणि बेरीज घ्यायची. ही बेरीज ज्या कागदी ताऱ्याशी सर्वांत लहान येईल, त्याचे तापमान व गुरुत्व हे आपले उत्तर. त्यावरून वस्तुमान आणि त्रिज्या यांच्या सैद्धांतिक संबंधाने वस्तुमान काढायचे. बर्जरॉन, सॅफर व लिबर्ट यांनी १९९२ मध्ये या रीतीने १२९ डीए ताऱ्यांचा अभ्यास केला आणि त्यांचे सरासरी वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.५६ पट काढले. तेव्हापासून ही रीत रूढ झाली.

येथे एक भेद सांगणे अवश्य आहे. एखाद्या रेषेवर घंटेच्या आकाराची वक्ररेषा बसवण्याचे काम कोणतीही साधी आज्ञावली क्षणात करते. त्यातून रेषेची खोली व रुंदी कळते. पण ती रुंदी कशामुळे, हे कळत नाही. वक्ररेषा बसवणे हे वर्णन झाले, कागदी ताऱ्याशी ताडणे हे स्पष्टीकरण. मोडी कागदातील अक्षरांची उंची मोजणे आणि तो कागद वाचणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथेही आहे.

४. माझी चूक

आता स्वतःविषयी. हौशी माणसालाही ताऱ्यांचे वर्णपट विनामूल्य उपलब्ध असतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डब्ल्यूडीटूल्स' सारख्या आज्ञावलीही खुल्या आहेत. संगणक कक्षात बसून मी एका डीए ताऱ्याच्या रेषा जुळवल्या. पडद्यावर निळी रेषा ताऱ्याची, तांबडी कागदी ताऱ्याची. दोन्ही अशा एकावर एक बसल्या की वेगळ्या ओळखू येईनात. शेजारी तापमानाचा आकडा आणि त्याची त्रुटी, तीही अगदी थोडी. मी आकडा वहीत लिहिला, खाली दुहेरी रेघ ओढली आणि मित्रांना अभिमानाने दाखवला.

दुसऱ्या दिवशी सहज म्हणून तेच काम पुन्हा केले, फक्त शोध कोठून सुरू करायचा तो आरंभीचा आकडा बदलला. उत्तर काही हजार अंशांनी वेगळे आले. तांबडी रेषा पुन्हा निळीवर बसलेली आणि त्रुटी पुन्हा तेवढीच लहान! माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मला वाटले आज्ञावली बिघडली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी वही पाहिली आणि विचारले, "रेषा सर्वांत ठळक कोणत्या तापमानाला असतात?" तेव्हा कोडे उलगडले. त्या तापमानाच्या अलीकडे थंड बाजूला आणि पलीकडे तप्त बाजूला जवळजवळ सारख्याच ठळक रेषांचे तारे असतात. जुळणीच्या प्रदेशात दोन दऱ्या आहेत. ज्या दरीच्या काठावरून उतरावे तिच्याच तळाशी माणूस पोचतो आणि ही दुनियेतली सर्वांत खोल जागा, असे समजतो.

आज्ञावलीने दिलेली लहान त्रुटी खोटी नव्हती. त्या दरीत तळ कोठे आहे हे ती अचूक सांगत होती. दरी योग्य की अयोग्य, हे तिला कोणी विचारलेच नव्हते. यावर उपाय रेषांमध्ये नाही. ताऱ्याचा एकूण रंग पाहावा: तप्त तारा निळसर, थंड तारा त्यामानाने पिवळट. रंग ही वेगळी साक्ष. ती काढली तेव्हा माझे पहिले उत्तर, दुहेरी रेघेसह, खोडावे लागले.

५. थंड तारे जड का?

माझी चूक नवशिक्याची होती. पण जाणत्यांनाही अशाच एका कोड्याने पुष्कळ वर्षे छळले. रूढ रीतीने वस्तुमाने काढली असता सुमारे तेरा हजार अंशांहून थंड असलेले डीए तारे सरासरीने अधिक जड निघत. श्वेत बटू हा निवत जाणारा निखारा आहे. निवता निवता तो वजनाने वाढेल कसा? रेषांची जुळणी मात्र उत्तम होती.

एक तर्क असा, की थंड ताऱ्यांत वातावरण ढवळले जाऊन आतला हेलियम वर मिसळत असावा. या तापमानाला हेलियमच्या रेषा दिसणे कठीण, पण त्याच्या उपस्थितीने दाब वाढेल आणि गुरुत्व जास्त असल्याचा भास होईल. तर्क सुंदर होता. २०१० मध्ये हवाई बेटावरील केक दुर्बिणीच्या सूक्ष्म वर्णपटांत त्या हेलियमचा शोध घेतला गेला. तो सापडला नाही. रेषांच्या रुंदीची कोष्टकेही २००९ मध्ये ट्रेंब्ले व बर्जरॉन यांनी सुधारली. त्यामुळे ताऱ्यांची तापमाने व गुरुत्वे दोन्ही थोडी वर सरकली, परंतु थंड ताऱ्यांचे कोडे सुटले नाही.

दोष निघाला तो कागदी ताऱ्याच्या रचनेत. थंड श्वेत बटूंच्या वातावरणात तप्त वायू वर येतो, निवतो आणि खाली जातो. आधणातल्या पाण्यासारखे हे चालते. जुन्या हिशेबात ही सगळी खळबळ एकाच जुळवून घेतलेल्या संख्येत बसवलेली होती आणि प्रत्येक थर सर्वत्र सारखा मानला होता. २०१३ मध्ये ट्रेंब्ले आणि सहकाऱ्यांनी वायूचे वर येणे-खाली जाणे तिन्ही मितींत संगणकावर घडवून पाहिले, तेव्हा थंड ताऱ्यांचे जादा वजन जवळजवळ नाहीसे झाले. तारे जड नव्हतेच. आपला कागदी तारा अपुरा होता. अपुऱ्या ताऱ्याशी जुळणी करताना आज्ञावलीने ती उणीव गुरुत्व वाढवून भरून काढली होती. तिला तेवढीच मोकळीक दिलेली होती.

६. दोन चुकांचे एकमत

स्वतंत्र साक्ष हवी असे म्हटले, पण ती खरोखर स्वतंत्र आहे की नाही हेही पाहावे लागते. यासाठी पुन्हा व्याधाच्या साथीकडे जाऊ. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार प्रबळ गुरुत्वातून बाहेर पडताना प्रकाशाची तरंगलांबी किंचित वाढते. रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. याला गुरुत्वीय ताम्रसृती म्हणतात. तिच्यावरून वस्तुमान व त्रिज्या यांचे गुणोत्तर थेट मिळते. रेषेच्या रुंदीवर विसंबावे लागत नाही. एडिंग्टन याने त्या काळच्या अंदाजांवरून ही सृती सेकंदाला सुमारे २० किलोमीटर वेगाइतकी असावी असे सांगितले. १९२५ मध्ये अ‍ॅडम्सने मोजून २१ चा आकडा जाहीर केला. सिद्धांत आणि मापन यांचे असे एकमत पाहून सर्वांना समाधान वाटले.

आज आपण जाणतो, की दोन्ही आकडे चुकीचे होते. एडिंग्टनने धरलेली त्रिज्या खऱ्या त्रिज्येच्या कित्येक पट होती, म्हणून अपेक्षा कमी आली. आणि अ‍ॅडम्सच्या वर्णपटात शेजारच्या झगझगीत व्याधाचा प्रकाश मिसळला होता, म्हणून मापनही कमी आले. १९७१ मध्ये ग्रीनस्टीन, ओक व शिपमन यांनी ८९ किलोमीटर, सोळाच्या अनिश्चिततेसह, असा आकडा दिला. २००५ मध्ये हबल दुर्बिणीच्या वर्णपटावरून बार्स्टो आणि सहकाऱ्यांनी तो सुमारे ८० असल्याचे दाखवले. ८० किलोमीटर म्हणजे ६५६३ अँगस्ट्रॉमच्या रेषेत पावणेदोन अँगस्ट्रॉमच्या आसपास सरकणे. शंभराहून अधिक अँगस्ट्रॉम पसरलेल्या दरीत एवढेसे सरकणे शोधायचे असते, म्हणून दरीच्या मधोमध असलेल्या अरुंद गाभ्यावर नजर ठेवावी लागते.

अपेक्षित उत्तर आधीच माहीत असले, की ते मिळताच माणूस शोध थांबवतो. ज्या बखरीने आपल्या आवडत्या मताला दुजोरा दिला तिची चिकित्सा कोण करणार? इतिहासाच्या अभ्यासकाला हा मोह नवा नाही.

७. समारोप

एकट्या ताऱ्याच्या बाबतीत ताम्रसृती मोजण्यात आणखी एक अडचण असते. तारा आपल्यापासून दूर जात असला तरीही रेषा तांबड्याकडे सरकतात. व्याधाच्या साथीची गती फेरीवरून ठाऊक आहे. एकट्याची कशी कळणार? फाल्कन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ४४९ डीए तारे एकत्र घेतले. काही तारे जवळ येत असणार, काही दूर जात असणार. सरासरीत ते परस्परांना छेद देतात आणि उरते ती गुरुत्वाची सृती. तीवरून सरासरी वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.६५ पट आले, म्हणजे १९९२ च्या ०.५६ पेक्षा अधिक. रेषांच्या कोष्टकांतील सुधारणेनेही आकडा वरच्याच दिशेने सरकवला होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे २०१३ मध्ये सोडलेल्या 'गाया' या युरोपीय उपग्रहाने ताऱ्यांची अंतरे मोजली. अंतर आणि तेज कळले, की त्रिज्या रेषांवाचूनही काढता येते. त्या मोजमापांवरून २०२१ मध्ये सुमारे ३,५९,००० बहुधा खऱ्या श्वेत बटूंची यादी प्रसिद्ध झाली. एवढे तारे माणूस एकेक करून पाहू शकत नाही. जुळणी यंत्रालाच करावी लागणार. म्हणून यंत्राला काय विचारावे आणि त्याचे उत्तर कशाशी ताडावे, हे माणसाने पक्के समजून घेतले पाहिजे.

आज कोणत्याही विषयातला विद्यार्थी संगणकाकडून उत्तर घेतो. ते उत्तर नीटनेटके असते, त्याला दशांश चिन्हानंतर दोन-तीन अंक असतात आणि शेजारी त्रुटीही छापलेली असते. ती त्रुटी एवढेच सांगते, की दिलेल्या गृहीतांत उत्तर कितपत पक्के आहे. गृहीत चुकले असेल तर ती मौन पाळते. ते तपासण्यासाठी रंग, अंतर, ताम्रसृती अशा वेगळ्या वाटेने आलेल्या साक्षी लागतात, आणि त्या साक्षीही परस्परांपासून खरोखर वेगळ्या आहेत ना, हे पाहावे लागते.

माझ्या वहीतील तो खोडलेला आकडा मी पुसून टाकलेला नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा आहे आणि त्याखाली रेघ ओढलेली नाही.